झोपेत दात खाणं आणि जबडेदुखी : कोणाला कशाने बरं वाटलं? (ठाणे / नवी मुंबई)

निवांत_घोडबंदर

मंडळी, जबड्याने जीव नकोसा केलाय म्हणून हा धागा. सकाळी उठलं की दोन्ही कानांच्या पुढे ठणका, उजवीकडे जास्त, तो हळूहळू कानशिलात चढतो आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसायची वेळ येते. जांभई दिली की उजवीकडे कट्ट. भाकरी तर सोडूनच दिलीये, पोळीसुद्धा आमटीत कुस्करून खाते.

आधी वाटलं कानच दुखतोय म्हणून ईएनटीकडे गेले, त्यांनी बघून सांगितलं कान ठणठणीत आहे, दातवाल्यांना दाखवा. दातवाल्यांनी दाढांचे घासून सपाट झालेले माथे आरशात दाखवले आणि विचारलं झोपेत दात खाता का? आता मला काय माहीत, मी झोपलेली असते! घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर म्हणे अगं रोज, करकर करकर, मला वाटलं तुला ठाऊक आहे. धन्य तो नवरा.

ऑफिस ऐरोलीला, राहायला कासारवडवली, म्हणजे घोडबंदर, माजिवडा, कळवा नाका, विटावा असा पूर्ण प्रसाद रोज मिळतो, वर क्लायंट अमेरिकेतला त्यामुळे रात्रीचे कॉल. स्ट्रेस घेऊ नका हा सल्ला मिळालेला आहे, तो कृपया परत देऊ नये :)

डॉक्टरांनी नाईट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं कव्हर) सांगितलाय, सहा-साडेसहा हजार म्हणतायत. ऑनलाइन तसलंच काहीतरी चारशे रुपयांत दिसतं, गरम पाण्यात बुडवून दातांवर दाबायचं. नक्की फरक काय? फिजिओचा उपयोग होतो का? आणि एका मैत्रिणीने बोटॉक्स सुचवलंय, जबड्यात!! स्वानुभव लिहा प्लीज, गूगल करता करता आणखी दात आवळले जातायत.

तळ्यातमळ्यात

ये ये, क्लबात स्वागत. मी चारशेवालाच घेतला होता आधी. पहिली रात्र बरी गेली, नंतर असं झालं की ते मऊ असल्यामुळे मी झोपेत चघळतच बसायचे, सकाळी गाल आधीपेक्षा जास्त दुखायचे आणि थोड्या दिवसांत उजव्या दाढेच्या जागी भोक. मग राम मारुती रोडच्या बाजूला एका डेंटिस्टकडून कडक ॲक्रिलिकचा करून घेतला. तो टिकलाय, त्याच्यावर चरे पडलेत म्हणजे दात खाणं चालूच आहे पण माझे दात वाचतायत. दुखणं निम्म्याने कमी. निम्मं आहेच.

अण्णा_नौपाडा

आमच्या लहानपणी पोरगं दात खायला लागलं की सरळ वावडिंग आणि गूळ, जंत पडले की काम झालं. हे गार्ड-बिर्ड काही नव्हतं. निवांतबाई, बघा करून, स्वस्तात होईल.

ओवीची_आय

अण्णा नका हो असं लिहू, माझ्या साबा (सासूबाई) हा धागा वाचत असतील तर संपलंच. माझी सहा वर्षांची लेक झोपेत एवढ्या जोरात दात खाते की पलीकडच्या खोलीत ऐकू येतं, आणि घरात सगळ्यांचं एकच, जंत झालेत, औषध दे. शाळेत जंताची गोळी देतात ती घेतलीच होती तिने. तरी करकर चालूच. खरंच काही संबंध आहे का?

मुक्काम_सीवूड्स

मी जरा वेगळा अनुभव लिहितो. हेच दुखणं घेऊन एका क्लिनिकमध्ये गेलो (नाव नको), तिथे सांगितलं तुमचा बाइटच (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं) चुकीचा बसतोय, त्यामुळे जबडा दुखतो, मागच्या सगळ्या दाढा घासून कॅप बसवायला लागतील, आकडा लाखांत. ईएमआयचा कागद पण तयार होता त्यांच्याकडे! मी म्हटलं घरी विचारून सांगतो आणि जो सटकलो तो सटकलोच. पण मनात शंका राहिलीये की खरंच बाइट चुकीचा असेल तर? कोणी डॉक्टर आहे का इथे?

दंतकथा

आहे की. ठाण्यात प्रॅक्टिस करते, बरीच वर्षं. मोठा प्रतिसाद होणार आहे, चहा घेऊन बसा.

@निवांत, तुमची ईएनटी ते डेंटिस्ट ही वारी अगदी कॉमन आहे. करंगळी कानात हलकेच घाला आणि तोंड उघड-मिट करा, काहीतरी हलताना लागेल, तो जबड्याचा सांधा. कानाच्या इतका लगत असतो की सांधा दुखला तरी माणसाला कान दुखल्यासारखंच वाटतं. आता दोन्ही तळहात गालांवर ठेवा आणि दात आवळा. जो स्नायू टरकन वर येतो तो मॅसेटर. कानशिलावर बोटं ठेवून आवळलंत तर तिथेही हालचाल लागेल, तो टेम्पोरॅलिस, तुमची डोकेदुखी बहुतेक त्याची कृपा. दात खाणाऱ्यांत हे दोघे रात्रभर ओव्हरटाइम करतात आणि सकाळी बिल पाठवतात.

सकाळी उठताना दुखणं जास्त असेल तर रात्रीचं दात खाणं, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत वाढत जात असेल तर दिवसा दात आवळून बसायची सवय, असा ढोबळ अंदाज लागतो. बऱ्याच जणांत दोन्ही असतं. दिवसाचं लक्षात येत नाही कारण त्यात आवाज नसतो, नवरा साक्षीला नसतो.

आता @मुक्काम_सीवूड्स. बाइट चुकला म्हणून माणूस दात खातो ही जुनी समजूत, आमच्या आधीच्या पिढीला तसंच शिकवलं जायचं. रात्रीचं दात खाणं मेंदूतून आणि झोपेतून येतं हे आता बऱ्यापैकी पक्कं आहे. झोपेत मधेमधे आपण क्षणभर अर्धवट जागे होतो, सकाळी आठवतही नाही, नाडी जरा वाढते आणि त्याच सुमारास जबडा आवळला जातो. २०१३ आणि नंतर २०१८ साली या विषयातले जगभरचे लोक बसून त्यांनी व्याख्या ठरवल्या, २०१८ च्या कागदात स्पष्ट म्हटलंय की बाकी निरोगी माणसात दात खाणं हा आजार धरायचा नाही, ते एक वर्तन आहे, कोणाला त्याने त्रास होतो, कोणाला अजिबात होत नाही. त्यामुळे जबडेदुखीसाठी दात घासून कॅपा घालणे, ब्रेसेस लावणे, असले परत न फिरवता येणारे उपाय पहिल्या फटक्यात कोणी सांगत असेल तर दुसरं मत घ्याच. सटकलात ते उत्तम केलंत. दात झिजून चावताच येत नसेल, तुटले असतील तर कॅप लागते, पण ती दातासाठी, जबडा दुखायचा थांबावा म्हणून नाही.

गार्डबद्दल. गार्ड तुमचं दात खाणं थांबवत नाही. दातांच्या मधे तो झिजतो, दात वाचतात आणि बऱ्याच जणांत स्नायूंना थोडा आराम मिळतो, एवढंच. पूर्ण पंगत झाकणारा कडक गार्ड घ्या. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारे छोटे मिळतात, ते दीर्घकाळ वापरले तर मागचे दात सरकून बाइट खरंच बिघडू शकतो. मऊवाल्याचं तळ्यातमळ्यातने लिहिलंच आहे, काही जणांना चालतो, काही जण तो चघळत बसतात.

@ओवीची_आय, मुलांत दात खाणं भरपूर दिसतं आणि मोठं होता होता बहुतेकांचं आपोआप जातं. जंताशी संबंध नक्की सांगता येईल असा पुरावा नाही. जंताची गोळी तिच्या जागी घ्यावीच, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत देतात ती, पण दात खाण्यासाठी परत परत नाही. त्यापेक्षा ती घोरते का, तोंड उघडं टाकून झोपते का हे बघा. तसं असेल तर टॉन्सिल-ॲडेनॉइड दाखवून घ्या. लहान मुलांना सहसा गार्ड देत नाही, जबडा वाढत असतो.

निवांत, आता तुम्हाला तीन प्रश्न. घोरता का? दिवसाला चहा-कॉफी किती? आणि गेल्या काही महिन्यांत एखादी नवीन गोळी सुरू झालीये का, विशेषतः मूड, एंग्झायटी, झोप यांची? इथे लिहायचं नसेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

अण्णा_नौपाडा

डॉक्टरीणबाई, वावडिंगाचा पत्ता कट केलात तुम्ही. असो. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

निवांत_घोडबंदर

बापरे, दंतकथा, कसे आभार मानू. लिहायला लाज कसली. घोरत नाही (साक्षीदाराचा दुजोरा आहे). कॉफी... कॉल असेल त्या रात्री मशीनची तीन-चार तरी होते, शेवटची साडेबारा-एकला. आणि हो, फेब्रुवारीत एंग्झायटीसाठी एसिटालोप्राम सुरू झाली, मार्चमध्ये डोस वाढवला. जबडा एप्रिलपासून. आत्ता लिहिताना पहिल्यांदा या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या मी. आजवर कोणी विचारलंच नव्हतं! गोळी बंद करू का मग?

दंतकथा

नाही!! स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही, अशा गोळ्या एकदम सोडल्या की चक्कर, अस्वस्थपणा, झोप उडणे असे वेगळेच ताप होतात आणि मूळ त्रास उलटतो तो वेगळा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या कुटुंबातल्या गोळ्यांनी काही जणांत दात खाणं सुरू होतं किंवा वाढतं, साधारण सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर. ज्यांनी गोळी दिली त्या सायकियाट्रिस्टना हे तारखांसकट सांगा. डोस कमी करणे, गोळी बदलणे, जोडीला दुसरी देणे, त्यांच्याकडे मार्ग असतात. त्यातलं कुठलं तुमच्यासाठी, ते त्यांनीच ठरवायचं.

आणि साडेबाराची कॉफी बंद करा, त्याला कोणाची परवानगी नको.

गायमुखचा_वारा

घोरण्यावरून आठवलं. मी घोरायचो आणि दातही खायचो, बायको म्हणायची आमच्याकडे रात्री पूर्ण ऑर्केस्ट्रा असतो. गार्ड केला, फरक शून्य, उलट सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड. मग एका फिजिशियनने स्लीप स्टडी करायला लावली, अंगाला वायरी लावून झोपायचं, झोप काय लागणार असं वाटतं पण लागते. श्वास अडकायचा निघाला, स्लीप ॲप्निया. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देतं, श्वास अडकू देत नाही) लावून झोपतो आता, दिसतो फायटर पायलटसारखा, पण सकाळचा जबडा जवळपास गेला. दात खाणं पूर्ण गेलं का माहीत नाही, बायको आता गाढ झोपते त्यामुळे साक्षीदार नाही.

दंतकथा

गायमुख, हे लिहिलंत ते बरं झालं. जोरात घोरणं, दिवसा पेंग, बीपी, जाड मान असं असेल तर गार्डच्या आधी स्लीप स्टडीचा विचार करा. वरच्या दातांच्या साध्या गार्डने काही जणांत श्वास अडकणं वाढलेलंही दिसलंय.

तर्कटपंथी

जरा खोचक विचारतो. गार्डने दात खाणं थांबत नाही, बाइटशी संबंध नाही, जंताशी नाही, मग सहा हजार कशाचे? दर धाग्यावर शेवटी कोणीतरी काहीतरी विकत असतं.

दंतकथा

बरोबर प्रश्न आहे, खोचक नाही. गार्डने दुखणं हमखास जातं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाहीये. दात झिजतायत, तडकतायत, भरलेलं सिमेंट सारखं तुटतंय अशांना मी आग्रहाने सांगते, कारण रूट कॅनाल आणि कॅप त्याहून महाग पडते. दात छान आहेत आणि नुसता स्नायू दुखतोय अशाला आधी बिनपैशाचे उपाय करून बघायला सांगते. आणि मी इथे माझ्या क्लिनिकचं नाव लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही :)

बजेटचा प्रश्न असेल तर डेंटल कॉलेजं आहेत ना. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ गाठलं की डी. वाय. पाटील आणि तेरणा, पुढे बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम. आधी ओरल मेडिसिन (तोंडाचे आजार तपासणाऱ्या) विभागात दाखवायचं, गार्ड सहसा प्रॉस्थोवाले (कॅप-कवळी करणारा विभाग) करतात. वेळ जातो, विद्यार्थी करतात आणि वर सर तपासतात, पण खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो.

सांधेजोड_खारघर

फिजिओ आहे, बिनपैशाच्या उपायांचं माझ्याकडे द्या.

सगळ्यात आधी जबड्याची बसायची जागा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला, 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे. दिवसभर जबडा असाच हवा. वरचे-खालचे दात एकमेकांना लागायची गरज फक्त चावताना आणि गिळताना, दिवसाचा हिशोब केला तर अगदी थोडा वेळ. आत्ता हे वाचताना तुमचे दात लागलेले आहेत का बघा. निम्म्यांचे असतील.

हे आठवत नाही, आठवण करून द्यावी लागते. बाजारात मिळतात ते छोटे गोल रंगीत स्टिकर घ्या, एक लॅपटॉपच्या कोपऱ्यात, एक मोबाईलच्या पाठीवर, एक गॅसच्या ओट्यावर, गाडी चालवत असाल तर एक स्टिअरिंगवर. ठिपका दिसला की ओठ मिटलेले, दात सुटे, खांदे खाली, एक लांब श्वास. घोडबंदरवाल्यांना तर प्रत्येक सिग्नलला व्यायाम फुकट. चेष्टा वाटते पण माझ्या पेशंटांत सगळ्यात जास्त फरक या ठिपक्यांनी पडलेला मी बघितलाय.

शेक : ओला गरम टॉवेल किंवा शेकायची पिशवी, गाल आणि कानशिलावर पंधरा-वीस मिनिटं, झोपायच्या आधी. भाजेल इतका गरम नको. मग दोन बोटांनी मॅसेटरवर गोल गोल हलका मसाज, गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत खाली. तिळाचं तेल लावा, खोबरेल लावा, काहीही चालेल, काम बोटांचं आहे.

व्यायाम : जीभ टाळूला चिकटवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतपतच तोंड हळू उघडायचं, हळू मिटायचं. आरशासमोर करा, हनुवटी सरळ खाली गेली पाहिजे, एका बाजूला वळसा घेऊन नाही. पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा. दुखलं तर थांबा. कडकड आवाज काढून 'मोकळा' करायचा प्रयत्न करू नका, काही जणांना त्याचा छंदच असतो.

आणि जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. फोन खांद्यात दाबून बोलणं, पालथं झोपणं, हनुवटी तळहातावर टेकवून ट्रेनमध्ये डुलकी, सगळं बंद.

तळ्यातमळ्यात

दात लागलेलेच होते वाचताना :(

मुक्काम_सीवूड्स

माझेही. ईएमआय वाचला बहुतेक.

खादाड_कोपरी

खायचं काय पण? सगळे व्यायाम सांगतायत.

तळ्यातमळ्यात

दुखतंय तोवर मऊ. मुगाची खिचडी, दहीभात, उपमा, घावन, पातळ पिठलं, पिकलेलं केळं, मासे चालतात. घास छोटे आणि दोन्ही बाजूंनी चावायचं. चिक्की, डिंकाचे लाडू, कडक चकली, ऊस, भाजलेलं कणीस, चिंगम, सुपारी बंद. मटण असेल तर कुकरला दोन शिट्ट्या जास्त. मिसळ खाऊ शकतेस पण पाव भिजवून, आणि मामलेदारची तिखट खाऊन नंतर हाश्श-हुश्श करत तोंड मोठं उघडायचं नाही, हाहाहा.

रबाळे_एमआयडीसी

सर मॅडम माझा पण जबडा दुखतो दोन्ही बाजूला आणि तोंड पूर्ण उघडत नाही. वडापाव चेपून खावा लागतो. दात खातो की नाही माहीत नाही एकटा राहतो. नाईट गार्ड घेऊ का? कामावर डबल शिफ्ट असते.

दंतकथा

दादा, गार्ड थांबवा. आधी सांगा, तुमचीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमधे जातात का? तिखट खाल्लं की तोंडात आग होते का? गालाची आतली बाजू जिभेने चाचपून बघा, दोऱ्या ताणल्यासारखं कडक लागतं का? आणि सुपारी, गुटखा, मावा, काय घेता?

रबाळे_एमआयडीसी

दीड बोट जातं. दोन तर कसंबसं. तिखट आता लागतं खूप, पहिले मिरची अशीच खायचो. गालात कडक आहे हो. गुटखा नाही घेत मी. तंबाखू पण नाही. फक्त सुपारी, झोप येऊ नये म्हणून शिफ्टला.

दंतकथा

मग हे दात खाण्यातलं नाही. बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही पण वर्णन सबम्यूकस फायब्रोसिसचं आहे. त्यात गालाच्या आत तंतू तयार होऊन कातडी ताठ होते आणि तोंड उघडायचं कमी कमी होत जातं. तंबाखू नसली तरी होतो, मूळ दोष सुपारीचाच, साधी असो की सुगंधी. आपल्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही, म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. यातून पुढे काही जणांना कॅन्सर होतो म्हणून टाळू नका. सुपारी आजपासून बंद, अगदी आज. या आठवड्यात डेंटल कॉलेजला जा, रबाळ्याहून नेरूळ सरळ ट्रेन आहे, ओरल मेडिसिन विचारा आणि 'तोंड उघडत नाही, सुपारी खातो' हे एवढंच वाक्य केसपेपरवाल्याला सांगा, योग्य जागी पाठवतील. जाऊन आलात की इथे लिहा.

रबाळे_एमआयडीसी

गुरुवारी सुट्टी आहे. जातो.

गायमुखचा_वारा

जा भाऊ नक्की. कोणी सोबत हवं असेल तर व्यनि कर, मला गुरुवारी नेरूळलाच काम आहे.

अण्णा_नौपाडा

एक गंभीर लिहितो, चेष्टा नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ, वय साठीच्या पुढे, डावा जबडा दुखतो म्हणून दाढ काढायला निघाले होते. दुखायचं ते जिना चढताना, थांबलं की कमी. त्यांच्या सुनेला शंका आली, तिने परस्पर ईसीजी करायला नेलं. हृदयाचं निघालं, दोन स्टेंट. दाढ अजून जागेवर आहे.

दंतकथा

अण्णा, शंभर टक्के. चालताना-चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं जबड्याचं दुखणं, घाम, धाप, छातीत दडपण, डावा हात भरून येणं, असं असेल तर दातवाल्याकडे यायचंच नाही, सरळ इमर्जन्सी. तसंच पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येणं, सोबत कानशिलावर नवीन डोकेदुखी आणि नजरेत काही बदल असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा आजार असू शकतो आणि त्यात डोळा जाऊ शकतो. आणि जबडा उघडाच राहिला, मिटेना, किंवा अचानक दोन बोटांवर अडकला, तर घरी दाबादाबी नको.

निवांत, तुमच्या कट्टबद्दल राहिलं. नुसता आवाज आहे आणि दुखत नाही, अडकत नाही, तर त्याला उपचार लागत नाही. सांध्यातली गादी जरा पुढे सरकलेली असते, तोंड उघडताना ती जागेवर येते तो आवाज. पुष्कळांचा होतो. सगळ्यांना एमआरआय लागत नाही.

बोटॉक्स म्हणाल तर त्याने स्नायूची ताकद कमी होते, दुखणं काही जणांचं कमी होतं, परिणाम तीन-चार महिने, मग परत टोचा. वारंवार घेतल्याने स्नायू बारीक होणं आणि जबड्याच्या हाडावर परिणाम याची काळजी आहेच. बाकी सगळं करून झाल्यावरचा पर्याय, पहिला नाही.

आयुर्वेदप्रेमी_वाशी

तिळाच्या कोमट तेलाचा गंडूष (तेल तोंडात धरून ठेवणं) कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. आजी करायची, तिचे दात नव्वदीत शाबूत होते.

सांधेजोड_खारघर

नुसतं तोंडात धरून ठेवायचं असेल तर करा. जोरजोरात खळखळ चूळ भरत राहिलात तर दुखरा जबडा आणखी दमेल, एवढं सांभाळा.

निवांत_घोडबंदर

अपडेट. सायकियाट्रिस्टना सांगितलं, तारखा लिहूनच नेल्या होत्या. त्यांनी गोळी हळूहळू बदलायचं ठरवलंय, वेळ लागेल म्हणाल्या. रात्रीची कॉफी बंद, पहिल्या आठवड्यात कॉलवर डोळे मिटायचे, आता ताक पिते, टीममध्ये नाव पडलंय.

गार्ड कडकच केला शेवटी. मला वाटलं होतं गुलाबी लगदा तोंडात घालून माप घेतील, तर त्यांनी पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवला आणि स्क्रीनवर माझी अख्खी बत्तिशी उभी. गार्ड आल्यावर खरं काम होतं. निळा कागद दातांमधे धरायचा, चावा, आता डावीकडे घासा, उजवीकडे घासा, मग गार्डवर जिथे निळे ठिपके गडद पडलेत तिथे मशीनने जरासं घासायचं, परत कागद, परत घासा. अर्धा तास हेच. दोन्ही बाजूंना सारखे ठिपके आल्याशिवाय सोडलं नाही त्यांनी. ज्यांच्याकडे नुसता हातात देऊन पाठवतात त्यांनी हे मागून करून घ्या.

पहिल्या काही रात्री लाळ लाळ, एकदा तर झोपेत काढून उशीखाली ठेवला होता मीच. आता सवय झाली. ठणका आहे पण डोक्यापर्यंत चढत नाही. सगळ्यात जास्त फरक विचाराल तर ठिपके. विटाव्याच्या पुलाखाली गाडी अडकली की माझे दात किती घट्ट आवळलेले असतात हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीतच नव्हतं. काल भाकरी खाल्ली, पिठल्यात बुडवून का होईना.

ओवीची_आय

भारी! लेकीचे टॉन्सिल दाखवले, वाढलेत थोडे, लक्ष ठेवू म्हणालेत. साबा तरी वावडिंग शोधतायत.

रबाळे_एमआयडीसी

गुरुवारी जाऊन आलो. गायमुखवाले दादा स्टेशनला भेटले, वर पर्यंत आले. मॅडम बोलल्या तेच निघालं. पट्टीने मोजलं, गालातून तुकडा घेतला तपासायला, रिपोर्ट यायचाय. तोंड उघडायचा व्यायाम दिलाय आणि परत बोलावलंय. सुपारी बंद आहे, शिफ्टला लवंग ठेवतो तोंडात. चालते का?

दंतकथा

चालते, सतत नको, एखादी ठीक. चघळायला बडीशेप ठेवा. रिपोर्ट आला की कळवा, आणि रिपोर्ट काहीही आला तरी पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत, तोंड उघडायचा व्यायाम रोज.

खादाड_कोपरी

गार्ड धुवायचा कशाने हे कोणी लिहिलंच नाही. मी उकळत्या पाण्यात टाकला आज, जंतू मरावेत म्हणून. आता तो बसत नाहीये.

दंतकथा

वाकला असेल, परत डॉक्टरांकडे न्या, जबरदस्तीने बसवू नका. थंड पाणी, मऊ ब्रश, साधा लिक्विड सोप, टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात. आठवड्यातून एकदा कवळी साफ करायची गोळी टाकलेल्या पाण्यात बुडवा, ती गोळी केमिस्टकडे मिळते. पूर्ण वाळवून भोकं असलेल्या डबीत. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही.

तळ्यातमळ्यात

आणि टिश्यूत गुंडाळून तर मुळीच नाही, आमच्या कामवाल्या मावशींनी एकदा कचऱ्यात टाकला होता, डबा उपसून काढला.